ओळख पटली, अधिकाराचे काय?

गेल्या महिन्यात रत्नागिरीत पतसंस्थांत काम केलेल्या आणि करणाऱ्या आम्हा काही जणांची बैठक झाली. विषय एकच होता: संगणकात कोणाला कोणते राइट्स द्यायचे. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, ते बोलायला उठले. म्हणाले, “ज्याच्या हातात पासवर्ड दिला, त्याच्यावर आपण विश्वास टाकला. तो आत आला म्हणजे आपला माणूस. मग पुन्हा दर पायरीला अडवून त्याला परवानगी कशाला विचारायची?” समोरच्या माना डोलल्या. भाऊंनी आणखी तीन मुद्दे जोडले. लहान संस्थेला हे परवडत नाही. यामुळे गिऱ्हाइकाची कामे अडतात. आणि कोणी काय करायचे याची ही उतरंड म्हणजे आपणच मोडीत काढलेला अधिकारभेद नव्या रूपात परत आणणे आहे.

भाऊंची तीस-पस्तीस वर्षांची नोकरी निष्कलंक आहे आणि त्यांचा हेतू स्वच्छ आहे, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. तेच म्हणणे मी जिल्ह्यातल्या कितीतरी कार्यालयांत ऐकले आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देऊन बैठक संपवण्यासारखे नव्हते. ते इथे सविस्तर देतो. चारही मुद्दे मला चुकीचे वाटतात आणि चौथा सर्वांत जास्त.

आधी मूळ गोष्ट स्पष्ट करू. लॉगिन एकाच प्रश्नाचे उत्तर देते: तू कोण? पासवर्ड, ओटीपी, अंगठ्याचा ठसा, डिजिटल सहीचे टोकन, ही सगळी त्याच एका प्रश्नाची उत्तरे आहेत. परवानगीचा प्रश्न वेगळा आहे: हे काम, या खात्यावर, आज, तू करू शकतोस का? पहिला प्रश्न दारात एकदा विचारला की भागते. दुसरा प्रत्येक कामाच्या वेळी विचारावा लागतो, कारण माणूस तोच राहिला तरी काम बदलत असते.

हा फरक समजायला संगणक शिकावा लागत नाही. रेशन दुकानात उभे राहा. दोन बायका एकामागून एक यंत्रावर अंगठा ठेवतात. दोघींचीही ओळख पटते. पण एकीचे कार्ड अंत्योदयचे आहे, तिच्या कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. दुसरीचे प्राधान्य कुटुंबाचे आहे, तिला माणशी ५ किलो. अंगठ्याने फक्त ती कोण हे सांगितले. तिला किती द्यायचे हे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणि तिच्या कार्डाने ठरवले. उद्या दुकानदार म्हणाला की अंगठा जुळला, आता हवे तेवढे न्या, तर त्याला कोणी विश्वासू म्हणणार नाही. खुद्द आधारच्या २०१६ च्या कायद्याचे ९ वे कलमही हेच सांगते. आधार क्रमांक किंवा त्याची पडताळणी एवढ्यानेच नागरिकत्वाचा वा अधिवासाचा कोणताही हक्क मिळत नाही. ओळख आणि हक्क या दोन गोष्टी आहेत, हे संसदेने कायद्यात लिहून ठेवले आहे.

आपल्याच धंद्यातले उदाहरण घ्यायचे तर पिग्मी एजंट पाहा. मिरकरवाड्याच्या जेटीवर, बाजारात, टपऱ्यांवर तो रोज फिरतो. त्याच्या हातातल्या यंत्रात तो स्वतःच्या नावाने लॉगिन करतो. त्या यंत्रातून तो पैसे जमा करू शकतो, पावती देऊ शकतो, पण कोणाच्या खात्यातून पैसे काढू शकत नाही. यामुळे आपण त्याला अपमानित केले असे आजवर एकाही एजंटने म्हटलेले मी ऐकलेले नाही. उलट ठेवीदार बिनधास्त राहतो आणि एजंटही. जमा करणे आणि काढणे ही वेगळी कामे आहेत हे आपण रस्त्यावर पाळतो. शाखेच्या आत आल्यावर मात्र विसरतो.

संगणकाच्या जगातही हा घोळ जुना आहे. वेबवर एखादे पान उघडले नाही तर सर्व्हर क्रमांकाने उत्तर देतो. ४०१ म्हणजे तुझी ओळखच पटलेली नाही. ४०३ म्हणजे तू कोण ते कळले, पण तुला हे करता येणार नाही. असे दोन वेगळे क्रमांक करूनही ४०१ ला जे इंग्रजी नाव दिले गेले त्याचा अर्थ ‘अधिकार नसलेला’ असा होतो. ज्यांनी ही व्यवस्था घडवली त्यांच्याही हातून शब्दांची सरमिसळ झाली, तर आपल्या कारकुनाची आणि संचालकाची झाली यात नवल नाही. पण शब्दांच्या सरमिसळीची किंमत आज पैशांत मोजावी लागते. वेबच्या सुरक्षिततेवर काम करणारी ओवास्प ही संस्था सर्वांत गंभीर उणिवांची यादी वेळोवेळी काढते. तिच्या २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती ती परवानगी नीट न तपासण्याची उणीव. चोर दार फोडून आत येतो त्यापेक्षा, रीतसर आत आलेल्याला नको तिथे जाता येते ही अडचण मोठी ठरली. ग्राहक स्वतःच्या नावाने लॉगिन करतो, पत्त्याच्या ओळीतला खाते क्रमांक बदलतो आणि शेजाऱ्याचे पासबुक त्याला दिसते. लॉगिन खरे होते. हे खाते तुझे आहे का, एवढे फक्त कोणी विचारले नाही.

आता भाऊंचा पहिला मुद्दा, विश्वासाचा.

भाऊ, तुम्ही शाखाधिकारी असताना तिजोरीला दोन चाव्या होत्या. एक तुमच्याकडे आणि दुसरी रोखपालाकडे. तुमच्या एकट्याच्या चावीने तिजोरी कधी उघडली नाही. इतकी वर्षे रोज सकाळी तुम्ही रोखपालाची वाट पाहिलीत. त्यात तुमच्यावरचा अविश्वास होता का? तुम्हाला तसे कधी वाटले नाही, कारण दोन चाव्यांचा अर्थ तुम्हाला ठाऊक होता. रोख कमी भरली तर एकट्या तुमच्यावर बालंट येणार नाही, ही त्या दुसऱ्या चावीची हमी होती. अमेरिकेतल्या जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी १९७५ साली संगणकातल्या माहितीच्या रक्षणाची तत्त्वे मांडली, तेव्हा त्यांतले एक तत्त्व समजावताना दोन किल्ल्यांच्या कुलपाचाच दाखला दिला. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, आणि प्रत्येक वेळी तो तपासावा, ही त्यांची आणखी दोन तत्त्वे. पतसंस्थेच्या माणसाला यात शिकण्यासारखे नवे काही नाही. फक्त तिजोरीची शिस्त संगणकाला लावायची आहे.

आपल्या इतिहासातही ही शिस्त आहे. शिवकाळात गडाचा कारभार एका माणसाच्या हाती नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशी तिघांची रचना सभासदाच्या बखरीत सांगितली आहे. तिघांनी मिळून कारभार करायचा. शिवाय कोठाराच्या हिशेबाला कारखानीस. हे सगळेच राजाच्या विश्वासातले होते. अविश्वासू माणसाला कोणी गड देत नाही. विश्वासू माणसे निवडल्यानंतरही अधिकार वाटून दिला, कारण विश्वासू माणूस फितला, फसला, आजारी पडला किंवा धमकीला भ्याला तरी गड जाऊ नये. व्यवस्था माणसाच्या चांगुलपणावर टांगून ठेवायची नाही, एवढाच त्यामागचा विचार.

तसे टांगून ठेवले की काय होते ते आपण महाराष्ट्रात २०१८ या एकाच वर्षी दोनदा पाहिले. फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेने मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतला गैरव्यवहार उघड केला. तेव्हा सांगितलेला आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता. भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना हमी देणारी पत्रे स्विफ्ट या संदेशप्रणालीतून जात होती आणि बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. संदेश एकाने तयार करायचा, दुसऱ्याने तपासायचा, ही रचना कागदावर होती. पण पासवर्ड एका हातातून दुसऱ्या हातात गेला की दोन माणसांची जागा दोन लॉगिन घेतात, आणि दोन्ही लॉगिनांमागे एकच माणूस बसू शकतो. स्विफ्टला ओळख पटत होती. ही हमी देण्याचा अधिकार आहे का, यामागे तारण आहे का, हे विचारणारी मुख्य प्रणाली तिला जोडलेलीच नव्हती. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने दोन्ही प्रणाली जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ची मुदत घातली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यांतले बहुतेक दोन टप्प्यांत. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी काढले गेले, दोन दिवसांनी स्विफ्टमधून सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळले. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर एक प्रश्न बँकेकडे जातो: या खात्यातून एवढी रक्कम द्यायची का? हल्लेखोरांनी वाटेत स्वतःचा नकली स्विच, म्हणजे हा प्रश्न पोहोचवणारी यंत्रणा, उभा केला. तोच परस्पर ‘द्या’ म्हणत राहिला. परवानगीचा प्रश्न बँकेच्या खात्यांपर्यंत पोहोचलाच नाही.

एका प्रकरणात आतल्या माणसांवर आरोप आहे, दुसऱ्यात हल्ला बाहेरून झाला. दोन्हींत बुडाला तो दुसरा प्रश्न. आतला माणूस चांगला निवडला की झाले, असे म्हणणाऱ्याने कॉसमॉसकडे पाहावे. दार मजबूत केले की झाले, असे म्हणणाऱ्याने ब्रॅडी हाउसकडे पाहावे.

हे मोठ्या बँकांचे झाले. माझ्या मनावर जिचा ओरखडा आहे ती गोष्ट फार लहान आहे. कितीतरी वर्षांपूर्वी मी जिथे नोकरीला होतो तिथे काउंटरवर एक मुलगी काम करायची. हुशार, नीटस, वेळेवर येणारी. सकाळी सगळ्यात आधी यायची म्हणून दिवस सुरू करण्याचे काम तिच्याच लॉगिनवरून व्हायचे, आणि म्हणून तिचा पासवर्ड शाखेत तिघा-चौघांना ठाऊक होता. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या लॉगिनवरून एका वृद्ध ठेवीदाराच्या पावतीवर ठेवतारण कर्जाची नोंद झाली. ती त्याच लॉगिनवरून पास झाली. पैसे दुसऱ्या खात्यात गेले आणि संध्याकाळपर्यंत निघाले. काही आठवड्यांनी आजोबा पावती मोडायला आले तेव्हा प्रकार कळला. चौकशीत एकच प्रश्न विचारला गेला: लॉगिन कोणाचे? तिचे. तिला निलंबित केले. वर्षभराहून अधिक काळ चौकशी चालली आणि शेवटी तिच्यावर दोष शाबीत झाला नाही. पण तोवर गावात जे बोलायचे ते बोलून झाले होते. ती परत कामावर आली नाही.

त्या चौकशीत विचारायला हवा होता तो प्रश्न कोणी विचारला नाही. काउंटरवरच्या कारकुनाच्या लॉगिनला कर्जाचे व्हाउचर पास करण्याचा अधिकार कोणी दिला? तो मी दिला होता. प्रणाली बसवताना राइट्सची यादी माझ्याकडे आली. कोणाचे काम अडू नये म्हणून मी सगळ्यांपुढे सगळ्या खुणा केल्या. तेव्हा मलाही भाऊंसारखेच वाटत होते: सगळी आपलीच माणसे आहेत. माझ्या त्या विश्वासाची किंमत मी मोजली नाही, तिने मोजली. म्हणून मी ठामपणे म्हणतो, सगळ्यांना सगळे राइट्स देणे याला विश्वास म्हणू नका. ज्याला अधिकार नाही त्याच्यावर आळ येऊ शकत नाही. ज्याला नको असताना अधिकार चिकटवला, त्याला आपण आळासाठी मोकळे सोडतो.

दुसरा मुद्दा, लहान संस्थेला परवडत नाही. शाखेत चार माणसे, त्यांतला एक रजेवर. कोण नोंद करणार, कोण पास करणार? अडचण खरी आहे. पण प्रत्येक कामाला दुसरा माणूस लागतो असे कोणीच म्हणत नाही. पाचशे रुपये भरून घ्यायला दुसरी सही नको. दुसरी नजर लागते ती मोजक्या ठिकाणी. मागील तारखेची नोंद. वर्षानुवर्षे हालचाल नसलेले निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करणे. व्याजदर बदलणे. ठेवतारण आणि सोनेतारण कर्ज. खातेदाराचा मोबाइल क्रमांक बदलणे, कारण तो बदलला की ओटीपी दुसऱ्याच्या खिशात जातो. आणि राइट्स देण्याचा अधिकार स्वतः. ही सहा कामे दिवसात कितीदा येतात? लहान शाखेत बोटांवर मोजण्याइतकी. त्यांना मुख्य कार्यालयातून दुसऱ्याने मंजुरी द्यावी. आज त्यासाठी घाट ओलांडून जावे लागत नाही.

आणखी एक काम तर पूर्ण फुकट आहे: काढून घेणे. दापोलीहून राजापूरला बदली झाली की माणूस सामान घेऊन जातो, पण दापोलीचे राइट्सही त्याच्याबरोबर जातात. पुन्हा बदली झाली की तिसऱ्या शाखेचे जोडले जातात. निवृत्त झालेल्याचे लॉगिन जिवंत असते. अध्यक्ष बदलतात, जुन्या अध्यक्षांचे लॉगिन तसेच. आणि अध्यक्षांना नोंद करण्याचा अधिकार मुळात लागतोच कशाला? त्यांना अहवाल पाहायचे असतात. पाहण्याचा अधिकार द्यावा, लिहिण्याचा नको. हे सगळे बंद करायला एक रुपया लागत नाही. एक दुपार आणि एक वही लागते.

शिवाय हे आता ऐच्छिक राहिलेले नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याचे ४३ वे कलम पासवर्ड बरोबर होता का असे विचारत बसत नाही. मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरलात का, हे विचारते. डिजिटल सहीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी ४२ वे कलम सहीच्या धन्यावर टाकते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा सही कपटाने वापरली तर ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा तर वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. आमच्याकडे सगळ्यांचे लॉगिन होते, हा बचाव यांपैकी कोणत्याही कलमापुढे पुरणार नाही.

तिसरा मुद्दा, कामे अडतात. इथे मला भाऊंशी थोडे सहमत व्हायचे आहे, म्हणून रायगडावरच्या हिरकणीची कथा आठवतो. दूध घेऊन गडावर आलेली गवळण. संध्याकाळी दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल. पहारेकरी तिला ओळखत नव्हते असे नाही; ती रोजची होती. तिची ओळख पटलेली होती, पण त्या वेळी दार उघडण्याचा अधिकार पहारेकऱ्यांनाही नव्हता. ओळख आणि परवानगी यांतला फरक याहून स्वच्छ कुठे सापडणार? पण कथा तिथे संपत नाही. हिरकणी कड्यावरून उतरून गेली. आणि महाराजांनी काय केले? कथा सांगते, ते तिच्या धाडसाने थक्क झाले, तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला. तिने शोधलेली वाट त्यांनी झाकून टाकली नाही. ती पाहिली, मान्य केली आणि तिथे पहारा आणला.

कार्यालयातही तेच घडते. खऱ्या गरजेला दार नसेल तर माणसे कडा शोधतात. आपल्याकडच्या कड्याचे नाव आहे पासवर्ड वाटणे. साहेब रजेवर आहेत, पासिंग अडले आहे, बाहेर शेतकरी उभा आहे. मग साहेब फोनवर पासवर्ड सांगतात. त्या कारकुनाला मी गुन्हेगार म्हणणार नाही. त्याच्यासाठी दार न ठेवणाऱ्याला जाब विचारीन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड झोडपले, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. अशा दिवशी ठरलेला माणूस शाखेत पोहोचणार नाही हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा रजेच्या दिवसांपुरता दुसऱ्याच्या स्वतःच्या लॉगिनला अधिकार द्या आणि मुदतीनंतर तो आपोआप बंद होऊ द्या. संकटाच्या वेळी वापरायचा एक अधिकार वेगळा ठेवा, तो वापरला की दोन संचालकांना लगेच निरोप जाऊ द्या आणि आठवड्याच्या आत त्याचे कारण लिहून घ्या. म्हणजे काम अडणार नाही आणि माणूसही कड्यावर जाणार नाही. कामे अडतात याचे उत्तर नीट विचार करून दिलेली परवानगी हे आहे. परवानगीच काढून टाकणे हे उत्तर होत नाही.

सातबाऱ्याकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होईल. आपल्या जिल्ह्यात जमिनीचे तुकडे लहान आणि हिस्सेदार पुष्कळ. एका आंब्याच्या बागेच्या उताऱ्यावर वीस-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईला. तिथला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो. एरवी त्याचा हिस्सा तलाठ्याच्या संगणकात असतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमाने फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत घ्यायची, आणि नोंद प्रमाणित करायची ती वरच्या अधिकाऱ्याने. शाईचा टाक जाऊन संगणक आला, तलाठ्याचे नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले, पण लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा हे तत्त्व टिकले. लालबागच्या खोलीत झोपलेल्या हिस्सेदाराचे रक्षण तलाठ्याच्या लॉगिनने होत नाही. त्या दुसऱ्या पायरीने आणि त्या नोटिशीने होते. ती पायरी काढून टाका असे भाऊही म्हणणार नाहीत. मग ठेवीदाराच्या पावतीला ती का नको?

आता चौथा मुद्दा, ज्याने मला रात्री झोप लागली नाही. हा नवा अधिकारभेद आहे, असे भाऊ म्हणाले. मराठीत या शब्दाला रक्ताचा वास आहे. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात छत्रपती शाहू महाराजांना सांगितले गेले की तुम्हाला वेदमंत्रांचा अधिकार नाही. याच रत्नागिरीत माणसांना देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत यायचे हे जन्मावरून सांगितले जात होते, म्हणून १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या देणगीतून पतितपावन मंदिर उभे राहिले, जिथे सर्वांना गाभाऱ्यापर्यंत जाता यावे. अशा गावात कोणी नवी उतरंड आणत असेल तर तिला विरोध झालाच पाहिजे. मीही करीन.

पण त्या जुन्या अधिकारभेदात नेमके काय होते ते पाहा. तिथे ‘तू कोण?’ एवढेच विचारत. कूळ कळले की सगळे ठरले: काय शिकायचे, कुठवर यायचे, कशाला हात लावायचा. तू काय काम करतोस, तुला काय येते, या कामासाठी तुला काय लागते, हे कोणी विचारत नव्हते. ओळख हाच अधिकार होता. ओळख म्हणजेच अधिकार, हे समीकरण हाच त्या अन्यायाचा गाभा. आणि आज कार्यालयात ‘लॉगिन झाले म्हणजे अधिकार आला’ असे म्हणणारा नकळत त्याच समीकरणाकडे परत जातो. तो साहेबांचा माणूस आहे, द्या सगळे राइट्स. ते अध्यक्षांचे भाचे आहेत, त्यांना विचारू नका. ती कंत्राटी आहे, तिला काही देऊ नका, भले तिच्या कामाला ते लागत असो.

मी ज्या व्यवस्थेसाठी भांडतो आहे ती हे समीकरण मोडते. तिथे अधिकार कामाला चिकटलेला असतो, माणसाला नाही. काम आले की मिळतो, काम संपले की जातो. कोणाला काय दिले ते लिहिलेले असते आणि कोणीही त्याचे कारण मागू शकतो. तिथे शिपायाला गोदामाची चावी असते आणि अध्यक्षाला नसते, आणि त्यात अध्यक्ष लहान होत नाही. भाऊ, अधिकारभेदाला तुमचा विरोध आहे तर तुमची जागा माझ्या बाजूला आहे.

संचालकांना, शाखाधिकाऱ्यांना, कार्यालयप्रमुखांना माझी विनंती आहे. या आठवड्यात आपल्या प्रणालीतल्या सगळ्या युजरांची यादी छापून घ्या. प्रत्येक नावापुढे त्याला आज काय काय करता येते ते लिहा आणि दुसऱ्या रकान्यात त्याच्या कामाला काय लागते ते लिहा. दोन रकान्यांत जो फरक दिसेल तो खोडा. वर सांगितलेल्या सहा कामांत नोंद करणारा आणि पास करणारा एकच असेल असे एकही नाव शिल्लक ठेवू नका. कर्मचाऱ्यांना सांगणे आहे की आपला पासवर्ड कोणालाही, अगदी साहेबांनाही देऊ नका, आणि आपल्या लॉगिनला कोणते राइट्स जोडले आहेत ते लेखी मागा. नको असलेला अधिकार परत करण्यात कमीपणा नाही.

मी ती यादी भरली तेव्हा तिच्या नावापुढे एक खूण जास्त झाली. ती केली नसती, तर त्या दुपारी तिच्या लॉगिनवरून कर्ज पास झाले नसते, आणि ती आजही त्या काउंटरवर असती.